बांधीतलं थेटर

ती आली होती देऊळ बघायला.
लिथुआनियातून, वास्तुकलेच्या तिसऱ्या वर्षातून,
पाठीवर नळकांड्यात कोरे कागद.
सर म्हणाले, होमराज, तुझ्याकडे गाडी आहे, तू जा सोबत.

नाव रसा.
बोअरिंगवरच्या बायका पदरात हसल्या,
'रस्सा? तर्रीचा का बिनतर्रीचा?'
मी जमेल तसं समजावलं. तीही हसली.
म्हणाली, आमच्याकडे रसा म्हणजे दव.

चार दिवस तिनं देवळाचे दगड मोजले.
चुना नाही, माती नाही, दगडावर दगड.
वटवाघळांसकट गाभाऱ्याचा नकाशा काढला.
पाचव्या दिवशी विचारलं,
आणि आत्ताचं काय? तुम्ही लोक जमता कुठे?

मी समाजभवन दाखवलं.
कुलूप होतं. चावी सरपंचाच्या साळ्याकडे,
साळा देसाईगंजला.
मग नाइलाजानं तिला चिचटोल्याला नेलं,
लाजत लाजत,
कारण दाखवायला होता नुसता खड्डा.

गहाण्यांची बांधी, धान निघालेली.
मंडईच्या नाटकासाठी सात माणसं खणत होती,
मागे उथळ, पुढे खोल,
आणि निघालेल्या मातीचाच समोर मंच.
'उतार किती?' तिनं टेप काढला.
बिसननं टेपकडे पाहिलंसुद्धा नाही.
खड्ड्यात उकिडवा बसला, पुढे एक पोट्टं बसवलं,
'याच्या टोपीवरून नटीचे पाय दिसले पायजे.
पाय नाही दिसले, त लोकं खुर्च्या फेकतेत.'
तिनं वहीत तिच्या लिपीत लिहिलं, टोपी.
खाली दोनदा रेघ मारली.

मांडवामागे लक्षीराम पेंटर पडदा डागडुजत होता.
गुलाबी महाल, डावीकडे वळणारा जिना.
हा जिना कुठला?
'वडशाच्या टाकीजचा. टाकीज पाडली.
जिना मी ठेवून घेतला.'
टाकीजचा जिना उजवीकडे वळायचा.
मी काही बोललो नाही.

साडेदहाचं नाटक उघडलं साडेबाराला.
दोरीच्या अलीकडे बायका, पलीकडे गडी,
ती बसली तणसावर, बिसनच्या सायत्राबाईच्या चादरीत.
दुसऱ्या अंकात माईक किंचाळला,
तिसऱ्यात वकिलाची मिशी सुटली,
तिनं यातलं काहीच पाहिलं नाही.
ती मंचाकडे पाठ करून बसली होती
आणि पाहत होती आम्हाला:
रांगेवर रांग चढत गेलेले चेहरे,
मफलर, टोप्या, झोपलेली लेकरं,
कोणी कोणाच्या आड नाही.
मीही वळून पाहिलं.
बावीस वर्षं या खड्ड्यांत बसत आलो,
मागे कधी पाहिलंच नव्हतं.

पहाटे दोरी ओली झाली, चादर ओली झाली.
सायत्राबाईनं तिच्या केसांवरून हात फिरवला,
ओला तळवा तिला दाखवला, म्हणाली,
'पाय, रसा पडली.'

सकाळी तिनं विचारलं, इमारतीचं आयुष्य किती लिहू?
'तीन राती,' बिसन म्हणाला.
आणि पुढच्या वर्षी?
'पुढच्या साली दुसऱ्याची बांधी.
एकाच्याच वावरानं कितीक सोसावं?'

खड्डा बुजला. गहाण्यांनी हरभरा टाकला.
मार्चमध्ये तिचं नळकांडं आलं,
आत बांधीचा उभा छेद, केसाएवढ्या बारीक रेघांत,
मंच, उतार, दोरी, चुलीवरचा चहासुद्धा.
खाली प्रमाणपट्टी, तीत मीटर नाहीत:
एक टोपी, दोन टोप्या, पाच टोप्या.

बिसननं तो कागद खाटेवर पसरला,
कोपऱ्यांवर चार संत्री ठेवली,
बराच वेळ बोट फिरवत राहिला.
मग म्हणाला,
'डाव्या अंगाले कुदळ थोडी जास्त गेलती.
पोट्टीनं तेबी काढलं.
आता साऱ्या दुनियेले समजन.'